सहा सिलिंडरची लॉरी आणि खुलताबादचा घाट

फसली तेराशे पंचावन्न साल, म्हणजे तुमच्या हिशेबानं एकोणीसशे शेहेचाळीस. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि औरंगाबादेत माझ्यापेक्षा शहाणा माणूस मला तोवर भेटला नव्हता. शाळा दोन यत्ता, त्याही उर्दूतून. पण माझ्याकडं स्वतःची लॉरी होती. लॉरी म्हणजे एका वकिलाची जुनी मोटार. तिचा मागला भाग कापून सुताराकडून लाकडी हौदा बसवून घेतला होता.

परवाना मालाचा होता, माणसांचा नव्हता. म्हणून माझ्या गाडीत माणसं कधी बसलीच नाहीत, मालाचे धनी बसले. टोपलीभर वांग्यांचे चार-चार धनी असत. गुरुवारी दर्ग्याला आणि शनिवारी मारुतीला जाणारे हे धनी शहागंजातून खुलताबादेला न्यायचे, त्यावर माझं घर चालायचं. बाकीचे दिवस गाडी दारात शोभेला उभी.

अडचण एकच होती. दौलताबादच्या पुढं घाट लागला की चार सिलिंडरचं इंजिन मान टाकायचं. पायथ्याला सगळे उतरत, वहाणा हातात घेत आणि चालत वर जात. मी रिकामी गाडी खोकत खोकत मागून आणायचो. एक धनगर म्हातारा दर खेपेला घोंगड्या घेऊन यायचा. त्याला दर्गाही चालायचा, मारुतीही. काठी टेकत तो माझ्या आधी वर पोचायचा, दगडावर बसून तंबाखू मळायचा आणि मी आलो की विचारायचा, "आलास व्हय? मला वाटलं मुक्काम करतोस." लोक हसत. मी हसत नसे.

लढाई नुकतीच संपली होती. लष्करानं मोडीत काढलेलं सामान छावणीत लिलावाला निघालं, त्यात एक सहा सिलिंडरचं इंजिन होतं. मी दुभती म्हैस विकून ते आणलं. बायको त्या लोखंडाकडं बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, की म्हशीला कधी ढकलावं लागलं नव्हतं.

इंजिन बसवलं ते लष्करी कारखान्यात हात बसलेल्या एका मिस्त्रीनं. माणूस कामाचा, पण तोंडाळ. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बिठा देता मैं. पन इतनी ताकद कायकू होना तुमना? जानेवालों को तो जल्दी नै."

मी सांगितलं, घाटात कुणाचा पाय जमिनीला लागता कामा नये. तो पान चघळत हसला. कडुनिंबाच्या फांदीला साखळी-कप्पी बांधून जुनं इंजिन उतरवलं, नवं चढवलं. नवं हातभर लांब निघालं. मग रेडिएटर पुढं सरकवला आणि तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून बॉनेट वाढवलं. गाडी नाक लांब केल्यासारखी दिसायला लागली. जुन्यात चाळीस घोड्यांचं बळ होतं, ह्यात ऐंशीचं, असं मिस्त्री म्हणाला. मी शहागंजात शंभर सांगितले.

पहिला गुरुवार. हौदा गच्च भरलेला. पायथा आला तशी माणसं सवयीनं वहाणा काढून उठायला लागली. मी गियर बदलला आणि दाबली. मागून कुणीतरी हाका मारल्या, पण मला त्या कौतुकाच्या वाटल्या. वळणावर माझा जोडीदार दिसला. जोडीदार म्हणजे दुसरा लॉरीवाला, त्याची गाडी मागं भट्टी लटकवून कोळशाच्या गॅसवर चालायची. त्याची माणसं गाडीच्या पुढं चालत होती. मी भोंगा वाजवून सगळ्यांना धूळ चारली.

वर येऊन थांबलो आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. बांगड्या विकणारी एक चाची दर गुरुवारी यायची. ती हातात चपला धरून खाली उतरली, टोपली गाडीतच ठेवली आणि जिकडून आलो तिकडं चालायला लागली. तिच्यामागं धनगर, त्याच्यामागं आणखी सात-आठ जण. मला वाटलं, कुणाचं काही पडलं. नाय. ते पायथ्यापर्यंत घाट उतरून गेले आणि पायी चढून परत वर आले. तोवर कोळशाची गाडी कधीच पोचली होती. तिच्या लोकांची दर्ग्यात जियारत होऊन चहासुद्धा झाला होता.

पुढल्या गुरुवारी माझ्याकडं धनी आले तीन. त्याच्या पुढल्या गुरुवारी फक्त वांगी आली. शनिवारची तीच गत. कोळशाच्या गाडीला माणसं लोंबकळत होती. महिनाभर असं चाललं. म्हैस गेली होतीच, आता गाडीही विकावी लागणार हे मला कळत होतं. घरात ते कुणी बोलत नव्हतं, कारण बोलायला मी जागाच ठेवली नव्हती.

शेवटी एका बुधवारी चाचीच्या दुकानापुढं जाऊन उभा राहिलो. घाटाखाली गाडी थांबवतो, म्हणालो. ज्याला उतरायचं तो उतरंल, ज्याला बसायचं तो बसंल. माझ्या मते हा फार मोठा न्याय होता.

चाचीनं हातातल्या बांगड्या सुतळीत ओवून घेतल्या, मग बोलली. "लेकरा, तुझी गाडी चढती म्हणून तर सगळी पंचाईत. उतरलं तर लोक म्हणणार, बघा, ही भक्ती मिरवती. बसून ऱ्हायलं तर म्हणणार, पीर-बुजुर्गांच्या दारी बेअदबी करती. माझे गुडघे माझे मला म्हाईत, ते चार लोकांत कशाला तपासू? त्या कोळशाच्या गाडीला चढवतच नाय. सगळेच उतरतात. कुणी कुणाला इचारत नाय."

"म्हणजे मी गाडी चढत नाय म्हणून सांगू?"

"मी कुठं म्हणते खोटं बोल म्हणून," चाची म्हणाली आणि गिऱ्हाईकाकडं वळली.

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोला वाटलं, गाडी विकायला गिऱ्हाईक मिळालं. आता हे लिहिताना कुणी म्हणंल, एवढा काय विचार करायचा, सांगून टाकायचं एक खोटं. पण माझ्या तोंडून आजवर खोटं गेलं नाही, शंभर घोडे सोडले तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गुरुवारी, गाडी शहागंजात न्यायच्या आधी मी ते लांबवलेलं बॉनेट उघडलं, सहातल्या दोन सिलिंडरच्या प्लगच्या तारा स्वतःच्या हातानं काढून खिशात घातल्या आणि थरथरत, खोकत गाडी अड्ड्यावर उभी केली. कुणी विचारायच्या आत मोठ्यानं सांगितलं की आजपासून ही घाट चढत नाय, पायथ्याला सगळ्यांनी उतरायचं.