पंचफुलाबाईंचा मुका व्हिडिओ

लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी पंचफुलाबाईंचा जन्म, आणि आवाजही अख्ख्या जिल्ह्याला पुरेल एवढा. औशाजवळच्या आमच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मध्ये भिंत असूनही त्यांचे पाढे माझ्या वर्गाला पाठ होत.

दुष्काळाच्या साली हा आवाज बसला. बाईंनी ज्येष्ठमध चघळला, हळदीच्या गुळण्या केल्या. मग घशाला आराम म्हणून त्या कुजबुजत शिकवू लागल्या. पोरंही कुजबुजत पाढे म्हणू लागली! शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून घसा पाहिला. स्वरतंतूंवर गाठी होत्या.

"महिनाभर एक शब्द बोलायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर ऑपरेशन. मग आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही." आणि त्यांनी शिक्षकांसाठी केलेला एक व्हिडिओ मोबाइलवर पाठवला.

त्यातल्या मॅडम बघूनच माझं डोकं फिरलं. टेबलावर काचेची बाटली, गळ्यात माइक, समोर वीस शहाणी पोरं. पण सांगत होत्या ते नवलाचं होतं. कुजबुजण्यानेसुद्धा घशावर ताण येतो. ओरडू नका, टाळी वाजवा. दिवसभर घोटघोट पाणी प्या.

पंचफुलाबाईंनी पाटीवर लिहिलं, "पिते. मंग जाऊ कुठं?"

शाळेच्या संडासाला पाणी नव्हतं. म्हणून बाई शाळा सुटेपर्यंत पाण्याला तोंडच लावत नसत. त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "आपला व्हिडिओ काढू."

मी मोबाइल धरला. बाईंनी टाळी वाजवली, वर्ग गप्प. लांबच्या पोराला हाक न मारता त्याच्याजवळ चालत गेल्या. मग पाण्याचा पेला ओठांशी नेला, संडासाच्या कोरड्या बादलीकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला. शब्द एकही नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर अर्ध्यांनी कळवलं, "सर, आवाज येत नाही." मग उदगीर, निलंग्याकडच्या बायांचे मेसेज येऊ लागले: आमच्याकडंबी हेच हाय.

गावच्या सरपंच केवळाबाईंनीही तो व्हिडिओ पाहिला. तडक शाळेत येऊन म्हणाल्या, "आजपासून टँकरचा एक ड्रम संडासाला. आता पी गं बाई पाणी."

महिन्याने डॉक्टरांनी परवानगी दिली. गाठी विरत चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी हलक्या आवाजात हजेरी घेतली. मी दारात उभा राहून ऐकत होतो, मला फार बरं वाटत होतं. "रुद्राणी," बाई म्हणाल्या. बाई गप्प झाल्यावरच शाळेत आलेली ही पहिलीतली पोर. ती उठली आणि टकमक बघत राहिली.

"बाई, तुमाला बोलता येतंय व्हय? मंग इतके दिस आमच्यासंगं बोलत का नव्हता? आमी काय केलं व्हतं?"

माझ्या मोठ्या पोरांना मी सगळं समजावलं होतं. पहिलीच्या लेकरांना सांगायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"काही न्हाई गं माय, तुमी काहीच केलं न्हाई," म्हणत बाईंनी तिला कुशीत घेतलं आणि रडू लागल्या.

पुढच्या व्हिडिओत पहिली सूचना हीच घातली: बोलणं बंद करण्याआधी लेकरांना कारण सांगा. ती बाईंनी स्वतः बोलून सांगितली.