मास्टरांचा खुबा

केस कापायला बसलेल्या माणसाला सल्ला दिल्याशिवाय मास्टरांची कात्री चालत नसे. गुडघा दुखतो, पाठ धरते, कुणी काहीही म्हणो, "हालचाल नाही, दुसरं काय! मला बघा, चौतीस वर्षं उभा आहे," हे ठरलेलं उत्तर. स्वतःचा उजवा खुबा दोन वर्षं ठणकत होता, ते मात्र त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. पाय ओढत चालायचे आणि वर म्हणायचे, "चप्पल सैल आहे." तीन चपला बदलल्या.

शेवटी बिंग फोडलं पोस्टमास्तरांनी. आरशात बघत ते म्हणाले, "मास्टर, तीन महिने माझा डावा कल्ला वर आणि उजवा खाली. ऑफिसात विचारतात, मान मुरगळलीय का?"

मास्टरांनी खुर्चीवरच्या बाकीच्या गिऱ्हाइकांची डोकी आठवली. दुखरा पाय वाचवायला ते एका अंगावर रेलत होते आणि अख्खं गाव तिरकं होत चाललं होतं.

डॉक्टरांनी खुबा बदलायला सांगितला, पण गावात असलं ऑपरेशन होत नव्हतं. मोठ्या शहरात थोरली बहीण राहायची. तिनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ये. आणि येताना शहाणपण तिकडेच ठेवून ये."

ते काही त्यांना जमलं नाही. ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्याचा माणूस मांडीवरचे केस काढायला मशीन घेऊन आला, तेव्हा मास्टर त्याला मशीन कसं धरायचं ते शिकवू लागले. तो शांतपणे म्हणाला, "काका, आज तुम्ही गिऱ्हाईक." आयुष्यभर लोकांची हजामत केली, पण अशी बिनपाण्याने स्वतःची कधी झाली नव्हती.

कमरेत इंजेक्शन दिल्यामुळे आत ते जागेच होते. अर्धवट गुंगीत ठोकाठोक ऐकू आली. वैतागून म्हणाले, "वरच्या मजल्यावर सुतारकाम आजच काढायचं होतं का?"

पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले, "काका, ते तुमचंच चाललंय."



पुढचे सहा आठवडे बहिणीकडे. खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ठेंगण्या खुर्चीत बसायचं नाही. भावोजींनी पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावले. मोजे घालायलासुद्धा ताई. चौतीस वर्षं उभा राहिलेला माणूस वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत गेला, की घरात परीक्षा पास झाल्यासारखं कौतुक व्हायचं, आणि लाज वाटली तरी मास्टर त्याची वाट बघायचे.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या हाताला खाज सुटली. "भावोजी, केस वाढलेत तुमचे. या." भावोजी म्हणजे निवृत्त ग्रंथपाल, स्वभावानं गरीब, डोक्यावर उरलेले केसही त्यांच्यासारखेच मोजके. उंच खुर्चीत मशीन घेऊन मास्टर, पुढ्यात स्टुलावर भावोजी. सगळं झकास चाललं होतं. पण मानेजवळ पोचायला मास्टर खाली वाकले आणि स्वयंपाकघराच्या दारातून ताई कडाडली, "वाकलास!"

हात दचकला आणि कानामागे रुपयाएवढं मैदान झालं.

ताई धावत आली. मास्टर हातातल्या मशीनकडे बघत राहिले. मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "ताई, मला उभंच राहता आलं नाही तर? दुसरं काय येतं गं मला?"

 ताई मशीन काढून घेत म्हणाली, "घाबरलायस होय? मग तसं सांग की! महिनाभर आम्हाला अक्कल शिकवतोयस."

भावोजींनी आरसा मागितला, मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "हे वर्षभरात आपोआपच गेले असते. तुम्ही लवकर मोकळं केलंत."

आधी ताई हसली, मग मास्टर. हसताना खुबा दुखला, तेही त्यांनी पहिल्यांदाच मोकळेपणी सांगितलं.

आता दुकान अर्धा दिवस उघडतं. थकले, की मास्टर सरळ "थांबा, बसतो" म्हणतात आणि गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर ताटकळत ठेवतात. त्या वेळात स्वतःच्या फजितीचे किस्से सांगतात. पोस्टमास्तर म्हणतात, "मास्टर, तुमचे सल्लेच बरे होते. ते निदान लवकर संपायचे."