झावळीची पात

पंतनगरच्या त्या दोन खोल्यांत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, एकच होतं, सासऱ्यांच्या वेळचं, आणि सुना दोन. थोरली मालन चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरावर बोट ठेवल्याशिवाय तिला ओळ सापडत नसे. धाकटी वसुधा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, वाचायला बसली की नळ सोडल्यासारखी. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं तेव्हा संध्याकाळी त्यांच्या खाटेशी बसून वाचायचं काम आपसूक वसुधाकडे गेलं. न्हाऊमाखू घालणं, भात कालवून देणं मालनचं. पण "गोड वाचतेस गं बाळ" हे कौतुक धाकटीचं. आत भाकऱ्या थापताना ते कानावर आलं की तव्यावरच्या भाकरीआधी मालनच करपायची.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, यंदा ज्याने त्याने आपापल्या सवडीने शास्त्रवाचनाचा बेत ठरवावा. चर्चमध्ये मिळालेल्या झावळीची एकेक पात दोघींनी खूण म्हणून पुस्तकात घातली. मालनच्या पातीला गाठ, वसुधाची सरळ. मालनने ठरवलं, आरंभापासून सुरू करायचं, दुपारी नळ गेला की रोज एक अध्याय.

आठवडाभराने बघते तर वसुधाची पात पुस्तकाच्या मधोमध. आपण अजून नोहाच्या तारवात आणि हिचं अर्धं शास्त्र झालं? मालनचा बेत तिथेच बदलला. एकाचे चार अध्याय झाले. स्टोव्हवर दूध, मांडीवर शास्त्र. वंशावळींतली नावं ती तांदळातल्या खड्यांसारखी बाजूला सारू लागली, मग पानंच्या पानं. दूध उतू जायचं. नवरा भीमराज गिरणीच्या संपामुळे घरीच असायचा. तो म्हणाला, "अगं, शास्त्र वाचतेस की शर्यत लावलीयस?"

"तुम्हाला काय करायचंय," मालन म्हणाली.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास गाठीची पात सरळ पातीच्या शेजारी आली. त्या संध्याकाळी मालन पदराला हात पुसत खाटेशी गेली. "आई, मीपण वाचतेय हं. वसुधाएवढं झालं माझं."

सासूबाई उठून बसल्या. "खरंच? मग ती दोन सुनांची गोष्ट आली असेल. रूथची. सांग बघू, सासूबरोबर कोण गेली नि मागे कोण फिरली?"

मालनला काही आठवेना. दोन सुना कुठे भेटल्या होत्या? "आली असेल," ती म्हणाली.

"असेल म्हणजे?"

वसुधा तेवढ्यात कामावरून येऊन चपला काढत होती. मालन तिच्यावरच घसरली. "तू आठवड्यात अर्धं शास्त्र उरकलंस, मग माझी वाट लागेल नाहीतर काय?"

"मी? वहिनी, मी आरंभापासून कुठे वाचतेय? आईंना स्तोत्रं लागतात, ती मधेच येतात ना. माझी पात तिथेच आहे तेव्हापासून."

मालनने फडताळातलं शास्त्र काढून बघितलं. स्तोत्रांच्या त्या पानावर झावळीचा पिवळा डाग पडला होता. एवढे दिवस ती एका जागी पडलेल्या पातीशी शर्यत लावत होती.

"आई," ती पुस्तक मिटत म्हणाली, "उद्यापासून ती गोष्ट मी वाचते. बोट ठेवून वाचेन, वेळ लागेल."

"मला कुठे जायचंय?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या वसुधाकडे आल्या. मालन खाटेशी बसली. एक ओळ वाचायची, सासूबाईंनी "हं" म्हटलं की पुढची, हा तिचा नवा बेत. दुसरी सून अर्पा सासूचा मुका घेते नि मागे फिरते, ती ओळ आली. मालनने स्वयंपाकघराकडे बघितलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली, जरा मोठ्याने.

"ऐकलं मी," सासूबाई म्हणाल्या.

आतून वसुधा म्हणाली, "वहिनी, ती रडलीपण होती. तेही वाचा पुन्हा."

मालनने बोट मागे नेलं. होतं खरं. तेही तिने वाचलं.

आतून भाकरी करपल्याचा वास आला. मालनने मनातल्या मनात प्रभूकडे मत्सराची क्षमा मागितली, पण खाटेजवळून उठली नाही.