दुपारचे व्होल्ट

आई मार्चमध्ये गेली आणि तेरावं झाल्यावर पहिल्याच सोमवारी मी कामावर हजर झाले. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. ऐरोलीच्या दोन खोल्यांत बाबा, भाऊ आणि मी राहायचो. दिघ्याच्या एका लहान कारखान्यात मी टेस्टिंगला होते. तिथं शेगडीच्या आणि इस्त्रीच्या कॉइल बनायच्या. बायकांमध्ये बारावी सायन्स झालेली मी एकटी, म्हणून मला तार गुंडाळायला न बसवता मीटरसमोर बसवलं होतं.

काम सोपं होतं. कॉइल दोन चिमट्यांत अडकवायची, बटण दाबायचं, ती लाल होईपर्यंत थांबायचं. समोर दोन मीटर, डावीकडे व्होल्टचा, उजवीकडे अँपिअरचा. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध ओहममध्ये मिळतो, गुणलं की वॉट. शेगडीची कॉइल दोनशे तीस व्होल्टवर हजार वॉटची हवी, म्हणजे रोध त्रेपन्न ओहमच्या आसपास. छप्पनच्या वर गेली की बाद.

त्या दिवसांत मला हे काम बरं वाटायचं. बरं म्हणजे काहीच वाटायचं नाही. ओळखीचे विचारायचे, सावरलीस ना? मी हो म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. रडू येत नव्हतं. घरी चहा करायचे, बाबांपुढे ठेवायचे, तो निवायचा, मी परत गरम करायचे.

डावीकडचा काटा कायम दोनशे तीसवर असायचा. मी त्याच्याकडे बघणं कधी सोडलं ते सांगता येणार नाही. अँपिअर वाचायचे, दोनशे तीसला भागायचे, वहीत लिहायचे.

शेगडीच्या कॉइल एक मावशी गुंडाळायची. जवळच्याच गावातली, पन्नाशीची, कारखाना सुरू झाला तेव्हापासूनची. सकाळी मी इस्त्रीच्या कॉइल तपासायचे, मावशीचा माल दुपारी यायचा. मे महिन्यात तिच्या कॉइल बाद व्हायला लागल्या. अँपिअर तीन पॉइंट आठ, म्हणजे रोध साठ पॉइंट पाच. वॉट आठशे चौऱ्याहत्तर. पुढची तशीच. त्याच्या पुढचीही तशीच.

सुपरवायझर साताऱ्याकडचे. त्यांनी वही बघितली आणि मावशीला बोलावलं.

"मावशी, तार ताणली जातीय तुमची. ताणली की बारीक होती, रोध वाढतो."

"मी तार कंदी ताणत नाय, साहेब. माजा हात तसाच हाय."

"वहीत आकडे आहेत की."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "साठच्या वर येतंय." तेवढंच. मला तिची दया आली नाही, रागही आला नाही. आकडा विचारला, आकडा सांगितला.

पंधरा दिवस असंच चाललं. मग तिला पॅकिंगला बसवलं. चार दिवस तिनं खोकी बांधली आणि नंतर यायची बंद झाली.

जूनमध्ये एकदा इस्त्रीचा माल उशिरा येणार होता. सकाळी हातात काही नव्हतं म्हणून मी बाद कॉइलच्या पेटीतली एक उचलून चिमट्यात लावली. अँपिअर चार पॉइंट पस्तीसच्या आसपास. भागलं, त्रेपन्नच्या जरा खाली. दुसरी लावली, तेच. दहा लावल्या. सगळ्या पास.

दुपारी त्याच दहा परत लावल्या. तीन पॉइंट आठ. तेव्हा मी डावीकडे मान वळवली. काटा दोनशेवर होता.

दोनशेला तीन पॉइंट आठनं भागलं तर बावन्न पॉइंट सहा. तारेत काहीच खोट नव्हती. शेजारच्या कारखान्यानं उन्हाळ्यात नवी भट्टी घेतली होती, ती दुपारी दोनला चालू व्हायची आणि आमच्याकडचे व्होल्ट पडायचे. मी मात्र रोज दोनशे तीस लिहीत होते.

सुपरवायझरांना सांगितलं. त्यांनी एक कॉइल स्वतः लावून दोन्ही काटे वाचले.

"तू बघत नव्हतीस?"

"नाही."

"का गं?"

आई गेली म्हणून, असं सांगता आलं असतं. ते त्यांनाही माहीत होतं. पण तोंडून निघालं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं मावशीच्या घरी गेलो. ती अंगणात सुकट निवडत होती. मी सगळं सांगितलं, काटा, भट्टी, माझी चूक. ती निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माजा हात बरा हाय."

"हो मावशी."

"घरात बी सगल्यांना मीच सांगितलं, हात गेला म्हनून."

ओशाळं वाटायला हवं होतं. मी त्याची वाट बघत उभी राहिले. माशा उडवणारा तिचा हात दिसत होता, बाकी काही नाही.

ती सोमवारी आली. मशीनवर बसली. आधी ती गप्पा मारत, दाराबाहेर बघत गुंडाळायची. आता सारखी बोटांकडे बघायची. तार ताणली जाऊ नये म्हणून सैल सोडायची, मग वेढे पसरायचे, मग उलगडून परत. मी दोन्ही काटे वाचत होते आणि आता तिच्या काही कॉइल खरोखरच वाकड्यातिकड्या येत होत्या.

आठ दिवसांनी तिनंच सुपरवायझरांना सांगितलं, "मला पॅकिंगलाच द्या." त्यांनी खूप समजावलं. ती ऐकेना.

मी तिथं आणखी दोन वर्षं होते. ती पॅकिंगच्या टेबलावरच राहिली. माझ्याशी नीट बोलायची, डब्यातलं द्यायची, लग्न ठरलं तेव्हा तिनं मला हिरव्या बांगड्या आणल्या. मी तिची माफी कधी मागितली नाही. मनात नव्हतं असं नाही. दर वेळी वाटायचं, आधी काहीतरी वाटू दे, मग मागू.