उषाबाईंचा होकार

नूतन बोरसे सुरतेतल्या लिंबायत वस्तीतली. तिचे वडील भिकन बोरसे अमळनेरकडून सुरतेला आले आणि तीस वर्षं लूमवर उभे राहिले. लेकीनं वकिली पूर्ण केली तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पण कोर्टात न जाता ती जैवनीतिशास्त्राच्या एम.ए.ला गेली, तेव्हा लोकांना काय सांगावं ते त्यांना कळेना. "डॉक्टरांनी काय करावं न् काय करू नये, ते शिकते," एवढंच म्हणत. वर्गात एक डॉक्टर शिकवायचे, एक वकील आणि तत्त्वज्ञानाच्या एक मॅडम. प्रबंधासाठी नूतननं विषय घेतला: रुग्णाची संमती.

त्याच सुमारास एका खाजगी रुग्णालयात दम्याच्या नव्या औषधाची चाचणी निघाली. खानदेशी मिल कामगारांना अहिराणीतून संमतीचा फॉर्म समजावणारं कुणी हवं होतं. नूतन गेली. पहिलंच नाव निघालं शेजारच्या उषाबाईंचं. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये वीस वर्षं कापडाच्या घड्या घालताना त्यांना दमा जडला होता, जिनाही चढवत नव्हता.

अकरा पानं नूतननं तास-दीड तास समजावली. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या कॅप्सूल. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. दम्याचा रोजचा पंप मात्र सोडायचा नाही. हे तिनं तीनदा सांगितलं.

"तू सांगस ना पोरी, मंग बठ्ठं बरोबर शे," सगळं बरोबरच असणार म्हणत उषाबाईंनी सही केली.

फेब्रुवारीत त्या गेल्या. पहाटे दम उसळला. मुलगा योगराजनं स्वतःच्याच रिक्षात घातलं, पण दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्यानंतर कपाट आवरताना त्याला तीन पंप सापडले, सील न फोडलेले.

"तपासणीला गेली की 'घेते' म्हणायची," तो नूतनला म्हणाला. "घरी म्हणायची, एवढ्या मोठ्या दवाखान्याचं औषध आहे, जुनं कशाला?"

चौकशीत कळलं, उषाबाईंच्या वाट्याला पिठाच्याच कॅप्सूल आल्या होत्या. रुग्णालयाच्या नैतिकता समितीनं नूतनला बोलावून संमती घेतानाचं चित्रीकरण लावलं. पडद्यावर नूतन विचारत होती, "समजलं का काकू?" आणि उषाबाई मान डोलावत होत्या.

"याहून चांगली संमती कुठे मिळणार?" अध्यक्ष म्हणाले.

"त्यांनी फॉर्मला होकार दिला नव्हता, सर. मला दिला होता," नूतन म्हणाली.

"हे कायद्यात कुठे बसतं?"

"नाही बसत."

दोष कुणाचाच नाही, असं ठरलं.

नूतननं योगराजला सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं.

"निम्म्यांना पीठच मिळणार, हे तुला माहीत होतं?"

"हो. काकूंना सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस," तो म्हणाला, आणि आत निघून गेला. त्यानंतर तो तिच्याशी कधी बोलला नाही.

तिनं प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं काढून टाकून नव्यानं लिहिली. आपण नेमकं काय बोललो, कुठे थांबलो, उषाबाईंना उलट एकदाही 'काय समजलं, तुम्ही सांगा बघू' असं का म्हटलं नाही, सगळं. जूनमध्ये पदवी मिळाली. त्याच आठवड्यात रुग्णालयातून फोन आला: पुढची चाचणी पलसाण्याला आहे, तुमच्याइतकं छान कुणी समजावत नाही.

तिनं नाही म्हटलं. चार दिवसांत त्यांना दुसरी मुलगी मिळाली.