आजोबांच्या घरी येणारी नर्स

आमच्या घरात हे कुणालाही माहीत नाही. इथे मस्कतजवळ माबेलात आमच्या ओळखीची जी मराठी घरं आहेत, त्यांनाही नाही. कॉलेजात माझी एक जवळची मैत्रीण आहे. तिला सांगायचं म्हणून मी एकदा मुद्दाम बसले होते – आणि परीक्षेबद्दल काहीतरी बोलून उठले. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

कुठून सुरुवात करू? बाबांपासून करते.

बाबा ड्रायव्हर आहेत, सीबला एका ओमानी कुटुंबाकडे. मालकांना ते अर्बाब म्हणतात. अर्बाबची आई खूप म्हातारी आहे, अंथरुणावरच असते. तिला बघायला सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स घरी येते. रक्तदाब तपासते, पट्टी बदलते, सुनांना दोन गोष्टी समजावते आणि जाते. ती इथली नागरिक, तिला हे सगळं फुकट. नर्सची गाडी आली की फाटक उघडायला बाबाच पुढे होतात. घरी येऊन आईला सांगायचे, "सरकार म्हणतात ते याला. म्हातारीला जिना उतरायला लागत नाही."

म्हणून गावी आजोबांचं सरकारी विम्याचं कार्ड निघालं – सत्तरीच्या वरच्यांना मिळतं ते – तेव्हा बाबांनी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं की हेही तसंच असणार. त्यांनी दुसरं कुठलं सरकार इतक्या जवळून बघितलं होतं? त्यांच्यासाठी सरकार म्हणजे ती फाटकातून आत येणारी गाडी.

आजोबा संगमेश्वरजवळ एकटे राहायचे. शेजारच्या सुनंदाकाकी, म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको, त्यांना जेवण द्यायच्या. आजोबांना अर्धांगाचा झटका आला, रत्नागिरीच्या एका हॉस्पिटलात ठेवलं, आणि तिथं ते कार्ड चाललं. खरंच चाललं. इलाज झाला, औषधं मिळाली. बाबा इथे सगळ्यांना फोन करून सांगत होते. मग आजोबांना घरी सोडलं. उजवी बाजू गेलेली. खाटेवर ठेवतील तसे पडून राहायचे. आता त्यांचं करायचं कुणी?

काकींना स्वतःचं घर, गुरं, शेतावरचं काम. बाबांनी सुट्टी मागितली तर अर्बाब म्हणाले, "ईदनंतर, इन्शाल्ला." राहिली आई. आई इथे मराठी बॅचलर लोकांचे जेवणाचे डबे करते. ती गावी गेली तर डबे कोण करणार? धाकट्या बहिणीची शाळा कोण बघणार? मी. दुसरं होतं कोण?

इथे मला जरा थांबावंसं वाटतंय. कारण आता माझ्याबद्दल सांगायचं आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा आठवीपर्यंत शिकले, आई सातवीपर्यंत. घरभाड्याचा करार, रेसिडेन्सी कार्ड, शाळेतून आलेले निरोप – सगळं वाचायला माझ्याकडे येतं. मी वाचते आणि सांगते, आणि मी सांगितलेलं खरं असतं. कुणी परत विचारत नाही. मला त्याचा अभिमान होता. बाबा पाहुण्यांसमोर म्हणायचे, "मनूला विचारा, तिनं वाचलं की झालं," तेव्हा मी मान खाली घालायचे, पण आतून फुलायचे. खोटं कशाला सांगू?

तर बाबांनी मलाच सांगितलं. हॉस्पिटलात त्या कार्डाचं काम बघणारा माणूस असतो, आरोग्यमित्र म्हणतात त्याला. त्याचा नंबर काकींकडून आला होता. "मनू, फोन लाव, विचार. कार्डावर नर्स घरी कधी येणार? येत नसेल तर आई जाईल, आपण तिकीट काढू." आईनं कपाटावरची बॅग खाली काढून पलंगावर ठेवली होती. उघडी. तिच्यात एक साडी टाकलेलीही होती.

मी आतल्या खोलीत जाऊन फोन लावला. तो माणूस शांतपणे बोलला. म्हणाला, "ताई, पेशंट अ‍ॅडमिट असेपर्यंत कार्ड चालतं. घरी गेल्यावर थोडे दिवस औषधं मिळतात, तेवढंच. घरी नर्स नाही त्यात. घरातलं कुणीतरी या, नाहीतर गावात पगारावर बाई बघा." मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी थोडी पुढे सांगते. आत्ता – नाही जमत.

फोन ठेवला आणि मी पलंगावर त्या बॅगेशेजारी बसले. काय विचार केला? पुष्कळदा आठवून बघितलं आहे. मला वाटायचं, मी परीक्षेचा विचार केला असेल, वाया जाणाऱ्या वर्षाचा. तसं असतं तर बरं दिसलं असतं. खरं म्हणजे मी पोळ्यांचा विचार केला. पहाटे उठून एवढ्या सगळ्या डब्यांच्या पोळ्या. पिठाचे हात घेऊन कॉलेजात जायचं. आणि हे किती दिवस? आजोबा जगतील तितके दिवस. हो, हे असंच माझ्या मनात आलं. तितके दिवस.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "येते नर्स. नाव नोंदवलंय. पण वेळ लागेल थोडा, पुष्कळ लोक आहेत रांगेत."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "मग खलास! सुटला प्रश्न." आईनं साडी बाहेर काढली, घडी नीट केली आणि बॅग परत वर ठेवली. मी स्टूल धरलं तिच्यासाठी.

इतकं सोपं होतं ते.

नंतर मी स्वतःला समजावत राहिले की दोन-चार दिवसांत काहीतरी होईल. काकी करतीलच. आजोबा बरे होतील. बाबांना सुट्टी मिळेल. एखाद्या दिवशी मी सांगून टाकेन की त्या लोकांनी नाही म्हटलं. पण रोज सांगायचं राहिलं, आणि रोज ते सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड झालं. तुमचं झालंय कधी असं? मी विचारते आहे खरी, पण त्यानं काही फरक पडत नाही.

आजोबा काकींच्या फोनवरून व्हॉइस मेसेज पाठवायचे. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जड झालं होतं, पण समजायचं. "बाय माजे, ती बाई कवा येनार गो?" मागून काकींचा आवाज. "येल येल, मस्कतवरनं इमानानं येतेय ती, तुमच्यासाठी साडी नेसून!" आणि आजोबांचं घरघरतं हसू. काकींनी सांगितलं की आजोबांनी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली. नर्सबाईसमोर असं कसं बसायचं म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, माझ्या नातीनं लावून दिलीय, तिकडनं.

मी ते मेसेज ऐकायचे आणि उत्तर द्यायचे, "येईल आजोबा. लवकरच."

काकींना संशय आला होता. एकदा फोनवर, स्पीकर चालू असताना, त्या मलाच म्हणाल्या, "मनू, आमच्या वाडीत कुनाकडं असली नर्स आलेली मी नाय बघितली गो. खालच्या आळीतली एक बाई हाय, दवाखान्यात काम केलेली. ती पगारावर येते म्हनते. ठेवू का तिला?" बाबांनी हे ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. तेव्हा मी म्हणू शकले असते, ठेवा. एवढंच. खोटं उघडं न पडतासुद्धा म्हणता आलं असतं. पण मला भीती वाटली की आज बाई ठेवली तर उद्या कुणीतरी विचारेल, मग त्या नर्सचं काय झालं. मी म्हणाले, "काकी, नवीन योजना आहे. तुम्हाला तिथं कळायला वेळ लागतो."

तुम्हाला तिथं कळायला वेळ लागतो. त्या रोज आजोबांना हातानं भरवत होत्या, आणि मी त्यांना हे म्हणाले. काकींनी त्या बाईला नाही कळवलं. ती बाई दुसऱ्या घरी कामाला लागली.

आता ती गोष्ट सांगते.

त्या माणसानं फोनवर मला सांगितलं होतं, "ताई, एक लक्षात ठेवा. आजोबांना एकाच कुशीवर पडू देऊ नका. दिवसरात्र कूस बदलत राहायला लागतं, नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होतात. त्या वाईट. माणूस त्यानंच जातो कधी कधी." हे त्यानं दोनदा सांगितलं. मी "हो, हो" म्हटलं.

हे मी कुणालाही सांगितलं नाही.

विसरले नव्हते. विसरले असते तर हे आज लिहिलंच नसतं. मी सांगितलं नाही, कारण दिवसरात्र कूस बदलायची म्हणजे जवळ माणूस हवं, आणि माणूस हवं म्हणजे आई. मी हे बोलले असते तर आईनं त्याच संध्याकाळी बॅग काढली असती. काकींना ठाऊक नव्हतं. त्या सकाळी खायला घालायच्या, दुपारी घालायच्या, रात्री पांघरूण घालून जायच्या. हलवलं तर आजोबांना दुखायचं, ओरडायचे, म्हणून त्या हलवायच्या नाहीत. त्यांना वाटायचं, नर्स येईल, ती जाणती, ती बघेल.

मग त्यांनी सांगितलं की खोलीत वास येतोय. मग ताप. मग गाडी करून परत हॉस्पिटल. तिथं कार्ड लगेच चाललं, हे बाबांनीच मला सांगितलं. फोन कानाला लावून म्हणाले, "अ‍ॅडमिट करून घेतलं, मनू. काही विचारलंसुद्धा नाही." आवाजावरून त्यांना हायसं वाटलेलं कळत होतं. आजोबा तिथून परत आले नाहीत.

अर्बाबनी लगेच सुट्टी दिली. स्वतः विमानतळावर नेऊन सोडलं बाबांना. बाबा पोचले तेव्हा फक्त आंघोळ घालायची राहिली होती, त्यांच्यासाठी थांबले होते सगळे. दिवस करून ते माबेलाला परत आले, जेवले, नेहमीसारखे बोलले. मग हात धुताना बेसिनपाशीच उभे राहून आईला म्हणाले, "पाठीला भोक पडलं होतं गं. मूठ जाईल एवढं. आंघोळ घालताना बघितलं मी." नळ तसाच चालू होता. आईनं जाऊन बंद केला.

मी तिथंच होते. माझ्या हातात पुस्तक होतं.

त्यानंतर बाबांनी सरकारला बोल लावायला सुरुवात केली. शुक्रवारी लोक येतात आमच्याकडे, चहा होतो, तेव्हा ते सांगतात. "नाव नोंदवलं होतं आम्ही. माझ्या मुलीनं स्वतः फोन करून नोंदवलं. नाही पाठवली. गरिबाचा बाप, कोण बघतंय?" लोक मान हलवतात. मी चहा आणून ठेवते. त्या फोनवरच्या माणसानं मला सगळं नीट सांगितलं होतं. आणि आमच्या घरात त्याच्या नावानं बोटं मोडली जातात, आणि मी कप उचलून आत जाते.

मी पास झाले, हेही सांगायला हवं. चांगल्या मार्कांनी.

गेल्या महिन्यात इथल्याच पलीकडच्या बरका गावाहून एक गृहस्थ आले होते, दुकानात काम करतात. त्यांची आई गावी पडलीय, खुबा मोडलाय, ऑपरेशन कार्डावर झालं. बाबा त्यांना म्हणाले, "मनूला विचारा." त्यांनी विचारलं, घरी नर्स येईल का? बाबा शेजारीच बसले होते. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं आणि मला खोटं बोलता येईना. म्हणाले, "नाही येत काका. अ‍ॅडमिट असेपर्यंतच चालतं ते. घरचं काही नाही त्यात. तुम्ही कुणीतरी जा, नाहीतर पगारावर बाई ठेवा. आणि त्यांची कूस बदलत राहायला सांगा. आजच सांगा."

ते उठून बाहेर गेले, तिथूनच गावी फोन लावायला. खोलीत मी आणि बाबा. बाबा चहाच्या कपाकडे बघत होते. मला वाटलं, आता विचारतील. खरं सांगू, मला वाटलं विचारावं.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बंद केलं असेल आता त्यांनी. आधी असेल, नाही का? आपल्या वेळेला होतं."

मी म्हणाले, "हो बाबा. आपल्या वेळेला होतं."