स्वयंपाकघरात तपासलेली मराठी

मठपती सरांची आणि माझी पहिली भेट वादानं झाली. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान तेव्हा नवीन होतं. सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेला संगणक घेऊन सर आले. दुसऱ्या एका दुकानदारानं तो भंगारात घाला म्हणून सांगितलं होतं. मी खोलून बघितलं. पॉवर सप्लाय गेला होता, बाकी यंत्र ठणठणीत होतं. मी कुठल्याही क्लासला न जाता हे काम शिकलो आहे, पण माझं निदान चुकत नाही. तेव्हाही चुकलं नाही.

दुरुस्ती झाल्यावर मी सवयीनं विचारलं, "सिस्टिम कुठली टाकू? कॉपी हाय माझ्याकडं."

"कॉपी म्हणजे विकत न घेतलेली?"

"सगळे तीच टाकतात की सर."

"मी दिवसभर वर्गात कॉपी पकडतो," सर म्हणाले. "आणि संध्याकाळी घरी तीच लावू?"

त्यांनी खिशातून एक सीडी काढली. लिनक्स या संगणकप्रणालीचं एक वितरण होतं ते. जगभरातली माणसं फावल्या वेळात मिळून बनवतात आणि फुकट वाटतात, मालक कुणीच नाही, असं त्यांनी सांगितलं. मी ती चीज तोवर पाहिली नव्हती; पण तसं म्हणायचं कसं? "हे सोलापुरात चालत नाही," असं मी ठणकावून सांगितलं. सर स्टूल ओढून बसले. म्हणाले, "मग चालवून बघू की." दुकान बंद करायच्या वेळेला ते चाललं, आणि मी सरांचा झालो.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात कुणी ना कुणी लिहील की सरांनी सोलापुरात लिनक्स आणलं. ते बरोबर नाही. त्यांच्याआधी कॉलेजातल्या काही मुलांनी ते आणलं होतं. सरांनी केलं ते वेगळं. संगणकात प्रणाली बसवताना पडद्यावर जे प्रश्न येतात, ज्या सूचना आणि जे इशारे येतात, ते सगळं त्यांनी इंग्रजी न येणाऱ्या माणसाला कळेल अशा मराठीत केलं. त्या वितरणाच्या मराठी गटाचे ते वर्षानुवर्षं समन्वयक होते. 'होते' हा शब्द लिहावा की नाही, यावरच हा सगळा लेख अडून राहिला होता. कारण गेल्या वर्षी, सोलापूरची गड्ड्याची यात्रा उठली त्याच आठवड्यात, सरांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

त्या हाताचं आणि वाचेचं काम काय होतं, ते आधी सांगतो.

सरांच्या आग्रहानं आम्ही जुने संगणक दुरुस्त करून बार्शीकडच्या शाळांना देत होतो. एका शाळेत गुरुजींनी प्रणाली नव्यानं बसवायला घेतली. पडद्यावर इशारा आला. तो मराठीतच होता, आमच्या गटात आमच्याआधी कुणीतरी केलेला, मोठा भारदस्त. गुरुजींनी तो वाचला, त्यांना तो कळला नाही, आणि त्यांनी 'होय' दाबलं. शाळेच्या स्नेहसंमेलनांचे सगळे फोटो गेले. त्यात मागच्याच पावसाळ्यात सर्पदंशानं गेलेल्या एका मुलीचा नाचाचा फोटो होता. तिच्या आईला तो द्यायचा राहिला होता.

मी डिस्क काढून दुकानात आणली, जे जे येतं ते सगळं केलं. बरेच फोटो आले. तो आला नाही. गुरुजी स्वतःला दोष देत होते.  परतताना एसटीत निम्मी वाट मागं पडल्यावर सर म्हणाले, "सीनू, चूक त्यांची नाही. वाक्याची आहे."

दुसऱ्या दिवशीपासून सरांच्या घरी तो रिवाज सुरू झाला, जो मी जगात दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही. सर एकेक वाक्य मराठीत करायचे, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून ते अक्कांना वाचून दाखवायचे. अक्का म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, शाळा कन्नड, मराठी लग्नानंतर शिकलेली. भाकरी थापता थापता त्या ऐकायच्या. कळलं तर काही बोलायच्या नाहीत. सर पेन्सिलीनं पाटावर टक् करायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे. नाही कळलं तर अक्का मान न वळवता विचारायच्या, "म्हंजे?" आणि ते वाक्य बाद.

एकदा 'डिस्कचे विभाजन' आलं.

"म्हंजे?"

"म्हणजे एका डिस्कचे वेगवेगळे भाग करायचे," सर म्हणाले.

"वाटणी म्हना की मग. भाऊभाऊ भांडलेत का आत?"

मी हसलो, तर भाकरीचं पीठ लागलेलं बोट माझ्याकडं रोखून अक्का म्हणाल्या, "सीनप्पा, हसू नको. तुला तरी कुटं कळलंय? दुकानदार हाय म्हनून मान हलवतोस."

सरांनी 'डिस्कचे भाग करा' असं लिहिलं आणि पाटावर टक् केलं.

ज्या इशाऱ्यानं बार्शीत घात केला, त्याला सर्वांत जास्त संध्याकाळी लागल्या. नष्ट, विलोप, कायमस्वरूपी, सगळे शब्द अक्कांनी परत पाठवले. शेवटी सरांनी लिहिलं: 'यातलं सगळं पुसलं जाईल. परत मिळणार नाही.' अक्का थापायच्या थांबल्या. काही विचारलं नाही. तेच वाक्य आजही लोकांच्या पडद्यावर येतं.

या पद्धतीवर टीका झाली नाही असं नाही. आमच्या मेलिंग लिस्टवर एका विद्वान गृहस्थांनी लिहिलं, की ही स्वयंपाकघरातली मराठी आहे. मी तीन पानी उत्तर तयार केलं होतं, आणि ते चांगलं जमलं होतं. सरांनी ते पाठवू दिलं नाही. त्यांनी फक्त एवढं लिहिलं: "आपला शब्द बरोबर आहे. आमच्या घरात तो चालला नाही. आपल्या घरात चालवून बघावा व कळवावे." त्या गृहस्थांनी खरंच चालवून बघितला. पुढं अनेक वर्षं ते सरांकडं शब्द विचारायला येत राहिले.

माझ्या घरात तेलुगू, सरांच्या घरात कन्नड. मी एकदा म्हणालो, "सर, आपल्याला मराठीचं काय पडलंय एवढं?" त्यावर म्हणाले, "आपण भाडेकरू आहोत सीनू. घरमालकापेक्षा भाडेकरूच अंगण झाडून ठेवतो."

माझ्यावरचा त्यांचा एक उपकार इथं नोंदवतो. वितरणाचं अधिकृत सदस्यत्व मिळायला जुन्या सदस्यानं शिफारस करावी लागते, आणि तुम्ही तुम्हीच आहात हे समोरासमोर ओळखपत्र बघून पडताळावं लागतं. मला रोज बघणाऱ्या सरांनी माझं ओळखपत्र मागितलं, चष्मा लावून फोटो बघितला, माझं तोंड बघितलं. अक्का म्हणाल्या, "अवो, सीनप्पाच हाय त्यो!" सर म्हणाले, "नियम म्हणजे नियम." शिफारशीत त्यांनी माझ्या शिक्षणाबद्दल अक्षर लिहिलं नाही. मी सोडवलेल्या अडचणी एकाखाली एक लिहिल्या, आणि शेवटी लिहिलं, 'यांनी तपासलेलं मी पुन्हा तपासत नाही.' मला आयुष्यात कागदावर मिळालेलं हे एकच प्रमाणपत्र. आणखी नको आहे.

आता झटक्यानंतरचं.

डॉक्टरांनी सांगितलं, ऐकलेलं बरंच कळत असावं, पण शब्द बाहेर येणार नाहीत. वाचा-उपचार करणारी मुलगी घरी येऊन चित्रं दाखवायची. तांब्या, पंखा, सायकल. सर तांब्याच्या चित्राकडं बघत राहायचे. ओठ हलायचे. ज्या माणसानं यंत्रातल्या न दिसणाऱ्या वस्तूंना नावं दिली, त्याला समोरच्या पाण्याला पाणी म्हणता येत नव्हतं. एकदा त्यांनी डाव्या हातानं ते चित्र पालथं घातलं. अक्का त्या मुलीला म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ दे बाई." आणि मला बाहेर पडवीत येऊन म्हणाल्या, "आयुष्यभर शबूद इचारून डोकं खाल्लं माझं. आता एक तरी इचारा म्हनावं."

त्याच सुमारास गटाकडून मला पत्र आलं. समन्वयक बराच काळ उत्तर देत नसेल तर त्याचं नाव सन्मानानं निवृत्तांच्या यादीत घालायचं आणि जागा दुसऱ्यानं घ्यायची, असा आमचा रिवाज आहे. रिवाज चांगला आहे. काम अडून राहू नये. वितरणाची नवी आवृत्ती तोंडावर होती. पत्रात विचारलं होतं, सरांची जागा मी घेतो का, आणि राहिलेली वाक्यं यंत्राकडून भाषांतर करून घ्यायची का. पत्र अतिशय सभ्य होतं. मला ते उत्तर देण्याच्या लायकीचं वाटलं नाही, आणि त्याला उत्तर देणं भागही होतं.

सरांना न विचारता त्यांचं नाव मी काढणार नव्हतो. विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याचा अर्थ मी लावला नाही.

मग मी दुसरं काहीच सुचेना म्हणून राहिलेली वाक्यं घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊ लागलो. सरांची खाट आता स्वयंपाकघराच्या दारातच असते. मी पाटावर बसून अक्कांना वाचून दाखवायचो. पण अक्का प्रत्येक वाक्याला "बरं हाय" म्हणायच्या. मी मुद्दाम एक वाकडं वाक्य घातलं. तरी "बरं हाय." शेवटी म्हणाल्या, "सीनप्पा, मला कशाला इचारतोस? माझं ध्यान तव्यावर बी न्हाय."

खरंच भाकरी करपली होती. आता हेही संपलं, असं मला वाटलं. हातात गटानं नमुन्यादाखल पाठवलेलं, यंत्रानं केलेलं एक वाक्य होतं, त्याच जुन्या इशाऱ्याचं नवं रूप. संपवायचं म्हणून वाचलं: 'सर्व सामग्री अपरिवर्तनीयरीत्या हटविली जाईल.'

खाटेवरून आवाज आला, "म्हंजे?"

सरांचा आवाज, आणि चाल हुबेहूब अक्कांची. अक्कांनी गॅस बंद केला आणि शेगडीकडं तोंड करूनच उभ्या राहिल्या. मी जुनं वाक्य म्हटलं. "यातलं सगळं पुसलं जाईल. परत मिळणार नाही."  डाव्या हाताच्या बोटानं सरांनी खाटेच्या लाकडावर टक् केलं.

याला चमत्कार म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. त्यानंतर आजतागायत सरांना दुसरा शब्द आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, असा एखादा घासलेला शब्द कधी कधी मागं राहतो. सर चहा घेणार का विचारलं तरी "म्हंजे?" म्हणतात, नातवानं आजोबा म्हटलं तरी "म्हंजे?" म्हणतात, आणि मग न सापडणाऱ्या शब्दासाठी त्यांचे डोळे घरभर फिरतात. ते बघवत नाही. वाक्यांच्या बाबतीतही मी पडताळून पाहिलं आहे. बहुतेक वेळा ते बरोबर जागी अडवतात. कधी कधी चांगल्या वाक्यालाही अडवतात. ते कळून अडवतात की नुसता शब्द येतो म्हणून, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि जे सांगता येत नाही ते मी सांगणार नाही.

गटाला मी हेच जसंच्या तसं कळवलं. लिहिलं, की समन्वयकाची जागा मी घेतो, कारण पत्रांना उत्तरं देणारा माणूस हवा. पण सरांचं नाव निवृत्तांत घालू नये. त्यांनी अडवलेलं प्रत्येक वाक्य मी पुन्हा करतो आहे, आणि तपासणारा म्हणून त्यांचं नाव खरं आहे. त्यांनी चांगलं वाक्य अडवलं, तरी ते पुन्हा केल्यानं बिघडलेलं नाही. एकदा तर सुधारलं. गटानं मान्य केलं. नवी आवृत्ती आली तेव्हा मी ते नाव पडद्यावर मोठं करून सरांना दाखवलं. त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हंजे?"

  उत्तर अक्कांनी दिलं. सरांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "म्हंजे तुमी."

हा लेख छापायला देण्याआधी मी दोघांसमोर वाचला. अशा लेखाच्या शेवटी शुभेच्छा असतात. मीही रीतीप्रमाणे लिहिलं होतं, की सरांना निरामय दीर्घायुष्य लाभो आणि त्यांचं मार्गदर्शन आम्हांस अखंड मिळत राहो.

अक्का पदरानं हात पुसत म्हणाल्या, "म्हंजे?" कितीतरी महिन्यांनी त्यांनी तो शब्द विचारला. मी सरांकडं बघितलं. तेही माझ्याकडंच बघत होते.

तेव्हा ते वाक्य बाद. त्याच्या जागी हे:

सर, तुम्ही अजून खूप दिवस राहा. अक्कांना एकटं सोडू नका. बोलता नाही आलं तरी चालेल. मी रोज संध्याकाळी येतो.

वाचून झाल्यावर कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं खाटेवर टक् वाजलं.